कूलर बॅगला एक स्टार: दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. एक स्टार आणि खाली पाच तक्रारी. चाकांचा मोठा आइस बॉक्स मागितला तर आम्ही १२ इंची बॅग गळ्यात मारली. त्या बॅगेत बर्फ दुपारपर्यंतही टिकला नाही. मायामीच्या बंदरावर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. केबिनमध्ये फ्रिज होताच, मग बॅग घ्यायची गरज काय होती. आणि चेन अडकते. शेवटी पैसे परत मागितलेत. मे महिन्यात मुलांकडे अमेरिकेला निघालेली आणि तिथून बहामाची क्रूझ करणारी बरीच मंडळी आमच्याकडे येतात. तुमचा रिव्ह्यू वाचून ती हेच प्रश्न विचारायला लागली आहेत, म्हणून उत्तर फोनवर न देता इथेच देतो.

आधी आकाराचं. तुम्ही बोट दाखवलं होतंत ती पेटी ४५ लिटरची. ती विकली असती तर आमच्या गल्ल्यात जास्त पैसे पडले असते. पण तुम्ही क्रूझ म्हणालात, म्हणून काउंटरवरच्या मुलाने ती परत फळीवर ठेवली, आणि मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. कार्निव्हलसारख्या क्रूझ कंपनीने नियमात आकारच छापून दिलाय: लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२ इंच, त्याहून मोठा कूलर चालणार नाही, आणि तोही हातातल्या सामानातून न्यायचा. सगळ्या कंपन्यांचे नियम सारखे नसतात, मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या बोटीचे तर त्याहून वेगळे. पण १२ इंचांची बॅग हातात असली की वाद होण्याची शक्यता सगळ्यात कमी. ४५ लिटरची पेटी घेऊन तुम्ही बंदरावर उभे राहिला असतात तर रिव्ह्यू आला असताच, फक्त विषय वेगळा असता.

पाण्याच्या बाटल्यांचा राग मला समजतो. विकत घेतलेलं सीलबंद पाणी डोळ्यांदेखत बाजूला ठेवलं की कोणाचंही डोकं फिरेल. पण हा नियम आमच्या बॅगेमुळे आलेला नाही. लोक बाटलीतलं पाणी ओतून व्होडका भरायचे आणि सील पुन्हा चिकटवायचे. प्रत्येक बाटली उघडून हुंगत बसलं तर दोन-तीन हजार माणसं जहाजावर चढणार कधी? म्हणून कार्निव्हलने २०१५ साली बाटल्या सरसकट बंद केल्या. कोला, ज्यूस, सोडा चालतो, पण कॅन किंवा कार्टनमधला, सीलबंद, प्रत्येकी ३५५ मिलीपर्यंतचा, माणशी १२ नग, आणि तोही हातातल्या सामानात. वाइनची ७५० मिलीची एक बाटली २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी नेता येते. यात शिस्तीइतकाच धंदाही आहे, हे मी दुकानदार असल्यामुळे चटकन ओळखतो. तिकीट स्वस्त दिसतं, कारण कमाईचा मोठा वाटा बार, कॅसिनो आणि किनाऱ्यावरच्या सहलींतून येतो. तुम्ही पेटीभर पेयं घेऊन चढलात तर बारमध्ये कोण बसणार?

आम्ही आधी सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. क्रूझसाठी म्हणून घेतलेल्या प्रत्येक बॅगेच्या पुढच्या खिशात आम्ही मराठीत छापलेला एक कागद घालतो. बाटल्या नेऊ नका, हे त्यावर पहिलंच वाक्य आहे. तुमच्या तिसऱ्या फोटोत तो कागद पारदर्शक खिशातून दिसतोय, घडीही न मोडलेला.

आणि खरं सांगू का, त्या बाटल्यांची गरजच नव्हती. नळाचं पाणी म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, पण अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची स्वच्छता तिथली सरकारी आरोग्य संस्था, सीडीसी, १९७० च्या दशकापासून तपासत आलीय. तपासनीस न सांगता येतात, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, पोहण्याचा तलाव सगळं बघतात आणि १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी पडले की जहाज नापास. हे गुण कोणालाही बघता येतात. तेव्हा स्टीलची रिकामी बाटली न्यायची आणि जहाजावर भरायची.

आता बर्फ. तुमचा मुख्य राग इथे आहे आणि माझं मुख्य म्हणणंही. तुम्ही लिहिलंय: बहामातल्या नसाऊ बंदरावर उतरण्याआधी साडेआठला १२ कॅन आणि बर्फ भरला, अकराला उघडलं तर नुसतं पाणी, आणि कॅन जेमतेम गार. सोबत डेकवरचा फोटो आहे, बॅगेत कॅन रचतानाचा. त्या फोटोत कॅन कोरडे ठणठणीत आहेत. बहामाच्या दमट हवेत गार कॅन डेकवर आणला की मिनिटाभरात त्याला घाम फुटतो. म्हणजे ते कॅन गार नव्हते. रात्रभर कपाटात किंवा बॅगेत पडलेले असणार.

हिशोब करून बघा. १२ कॅनमध्ये मिळून सव्वाचार लिटर पेय. ते ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला साधारण सव्वा किलो बर्फ वितळावा लागतो. बॅग कितीही महाग असो, कुठल्याही देशाची असो, हा सव्वा किलो जाणारच, कारण ही उष्णता बाहेरून आलेली नाही, ती कॅनच्या पोटातच होती. फोटोतली बर्फाची बादली मला दीड किलोच्या आसपासची वाटते. मग उरलं काय? पाव किलो बर्फ, अकराचं ऊन आणि पंधरा वेळा उघडलेली चेन. बॅगेचं काम बाहेरची उष्णता आत येऊ न देण्याचं. गार करणं हे तिचं काम नाही, आणि आम्ही कधी तसं म्हटलेलंही नाही.

त्यात तुम्ही मीठ टाकलंत. रिव्ह्यूत अगदी अभिमानाने लिहिलंय, 'मीठ टाकूनसुद्धा बर्फ टिकला नाही'. अहो, मीठ टाकल्यामुळेच टिकला नाही! घरी पॉटचं आइस्क्रीम केलं असेल तर आठवा. खडेमीठ घातलं की बर्फ भराभर वितळतो, आणि त्या वितळण्यातच आजूबाजूची उष्णता ओढून घेऊन खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं. आइस्क्रीम जमवायला ते हवंच असतं. समुद्रकिनाऱ्यावर दुपारी दोनपर्यंत बर्फ पुरवायचा असेल तेव्हा मिठाची पुडी घरीच ठेवायची.

पुढच्या वेळी असं करा. आदल्या रात्री केबिनची देखभाल करणाऱ्या माणसाला बादलीभर बर्फ सांगून ठेवा. बहुतेक जहाजांवर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. काही कॅन केबिनमधल्या छोट्या फ्रिजमध्ये, उरलेले बेसिनमध्ये त्या बर्फाखाली. सकाळी ताजा बर्फ मागा. तळाशी नऊ कॅन उभे, वर तीन, आणि राहिलेली जागा काठोकाठ बर्फाने भरा, कारण रिकामी जागा म्हणजे गरम हवा. वितळलेलं पाणी ओतून टाकायची घाई करू नका. ते जवळपास शून्य अंशावर असतं आणि कॅनला सगळ्या बाजूंनी भिडतं, सुट्या खड्यांपेक्षा चांगलं. ओलं झालेलं चालणार नाही असं काही आत असेल तरच ओता. किनाऱ्यावर बॅग तापलेल्या वाळूवर ठेवू नका, खाली टॉवेल, वर छत्रीची सावली. बुफेतलं सफरचंद किंवा सँडविच मात्र आत घालून जहाजाबाहेर नेऊ नका. फळं आणि शिजवलेलं अन्न बंदरावर अडवतात, आणि ते बरोबरच आहे.

जेल पॅक का दिला नाहीत, असंही विचारलंय. केबिनमध्ये फ्रीझर नसतो, तेव्हा एकदा वितळलेला पॅक पुढचे सगळे दिवस नुसतं ओझं. शिवाय अमेरिकेतल्या विमानतळावर तो दगडासारखा गोठलेला असेल तरच हातातल्या सामानातून जातो. अर्धवट पातळ झाला की त्याला द्रवाचे नियम लागतात. ड्राय आइसबद्दलही काही जण विचारतात. बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडणारी, उणे ७८ अंशांची वस्तू आम्ही कोणालाही सुचवणार नाही.

फ्रिजबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या रिव्ह्यूतलं एक वाक्य वाचून मला काळजी वाटली: 'आईचं इन्सुलिन पण त्याच बर्फात ठेवलं होतं.' केबिनमध्ये जे असतं त्याला आपण फ्रिज म्हणतो, पण बऱ्याच जहाजांवर तो मिनी-बार असतो, पेयं थोडी गार ठेवण्यापुरता. औषधाला लागणारं ठरावीक तापमान तो धरेलच असं नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि ते गोठता कामा नये. एकदा गोठलं की पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नाही. साध्या बर्फालाही ते थेट टेकवू नये, आणि मीठ घातलेला बर्फ तर शून्याच्या कितीतरी खाली जातो. कॅन आणि औषध एका बॅगेत हा प्रकारच नको. औषध विमानातही हातातल्या सामानात ठेवायचं, आणि क्रूझ कंपनीला बुकिंगच्या वेळीच कळवायचं की औषधासाठी फ्रिज हवा. कंपन्या तशी सोय करतात, पण आधी मागावी लागते. वापरायला काढलेलं पेन सहसा खोलीच्या तापमानाला काही आठवडे चालतं, पण किती ते त्या इन्सुलिनच्या खोक्यावर बघा आणि डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी बॅगेत असलेलं इन्सुलिन अजून शिल्लक असेल तर कृपया ते आईंना देण्याआधी डॉक्टरांशी बोला. बाकीचं सगळं नंतर.

पैसे परत करण्याबद्दल: वापरलेल्या बॅगेचे पैसे आम्ही परत करत नाही, बिलावर तसं छापलेलं आहे, आणि वर लिहिलेल्या कारणांमुळे इथे नियम मोडावा असं मला वाटत नाही. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा.

चेनचं मात्र आमच्याकडे लागलं. फोटोत चेनच्या दातांत पांढरं साचलेलं दिसतंय. समुद्राचं पाणी सुकलं की मीठ आणि बारीक वाळू तिथेच बसते. कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण सुकू द्या आणि मग दातांवरून मेणबत्ती फिरवा. तरी अडकली तर बॅग घेऊन या, रनर बदलून देतो, पैसे नाहीत, बिलही शोधू नका. सोमवारी दुकान बंद असतं. दुपारी एक ते चार सोडून कधीही या.