७-५ वर जीव घ्यायचा?
ज्युरीच्या मतांवर देहदंड देण्याबद्दलच्या लेखात अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या हर्स्ट खून खटल्याचा एका ओळीत उल्लेख करून सोडून दिलंय, खरी मेख तर तिथेच आहे. तिकडे ज्युरी (खटला ऐकणारे १२ सामान्य नागरिक) नुसती शिफारस करायची आणि देहदंडासाठी लागणारे गंभीर मुद्दे सिद्ध झाले की नाही ते जज ठरवायचे. हर्स्टच्या वेळी ज्युरी ७ विरुद्ध ५, म्हणजे अजून एकजण पलीकडे गेला असता की बरोबरी! २०१६ च्या जानेवारीत अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ८-१ ने सांगितलं, नुसता सल्ला पुरत नाही. मग एकमत हवं असा कायदा आला, पण फ्लोरिडातल्याच पार्कलंडच्या शाळेत १७ जणांना मारणाऱ्याच्या बाबतीत ज्युरी ९-३ वर अडकली, त्याला जन्मठेप झाली, लोक भडकले आणि २०२३ मध्ये लगेच ८-४ चालेल असं करून टाकलं. त्या आईबापांचं दुःख कळतं हो, पण एका केसच्या रागावर कायदा फिरवायचा हे नाही पटत ब्वा. (बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या आपल्या नानावटीला पण ज्युरीने ८-१ नेच सोडलं होतं, हायकोर्टाने उलटवलं.) त्या १२ जणांत मला बसवलं तर मला तर रात्रभर झोप लागायची नाही.