न्योकाचा क्लेम नामंजूर

वरच्या मजल्यावरचे काका आमच्या छताची ओल बघायला आले होते. ओल त्यांच्याच बाथरूमची. मान वर करून त्यांनी एकदा पाहिलं, ‘हं’ म्हणाले, आणि मग त्यांची नजर टीव्हीकडे गेली. तिथे एका जुन्या जंगल सीरियलीतली मोटार कड्यावरून खाली कोसळत होती. काका सोफ्यावर बसले. ते मोटार विम्याचे सर्व्हेयर म्हणून निवृत्त झालेत, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

या सीरियली म्हणजे तीस ते पन्नासच्या दशकांतला अमेरिकन माल. बारा नाहीतर पंधरा भाग, दर आठवड्याला थिएटरात एक. भाग संपताना नायिका मरणाच्या दारात आणि पोरं पुढच्या शनिवारी पुन्हा तिकिटाच्या रांगेत. पहिला भाग अर्ध्या तासापर्यंत जायचा, पुढचे पंधरा ते वीस मिनिटांत आटपायचे. आज बघायच्या तर रोज एक भाग, फार तर दोन. सलग बघू नयेत, कारण सगळा धंदा प्रेक्षकाच्या विसरण्यावर उभा आहे. पुढच्या भागाच्या सुरुवातीला मागचं संकट पुन्हा दाखवतात आणि त्यात एक शॉट हळूच घुसवतात, जो मागच्या वेळी नव्हता. त्या शॉटमध्ये नायिका आधीच उडी मारून मोकळी झालेली असते. सात दिवसांनी कोण हुज्जत घालणार?

काका घालणार. मी सलग दुसरा भाग लावला, तिथेच फसलं.

“थांबवा. मागे घ्या. अजून मागे.” रिमोट कधी त्यांच्या हातात गेला ते कळलं नाही. “मागच्या भागात ती गाडीत होती?”

“होती.”

“गाडी कडा सोडून हवेत गेली तेव्हासुद्धा?”

“हो, पण—”

“आणि आता म्हणतायत कड्याच्या आधीच उडी मारली. जबाब बदलला!” त्यांनी चित्र गोठवलं आणि चष्मा कपाळावर चढवून टीव्हीच्या वीतभर अंतरावर गेले. “उडी मारली तर दार उघडं पाहिजे. कोसळताना गाडीची दोन्ही दारं बंद आहेत. उडी मारून बाईंनी दार परत लावून घेतलं का?”

“काका, ती खेळण्यातली गाडी आहे. मिनिएचर.”

“म्हणजे गाडीही बदलली!” त्यांचा चेहरा उजळला. “क्लेम नामंजूर.”

राग कशाचा आला सांगू? दार मी कधी बघितलं नव्हतं. नाहीतर मिनिएचर ओळखायच्या खुणा मला पाठ आहेत. पाणी आणि आग लहान करता येत नाहीत. थेंब आणि ज्वाळा बाकी देखाव्याच्या मानाने मोठ्या दिसल्या की समजावं. रिपब्लिक या अमेरिकन चित्रपट कंपनीचे लायडेकर बंधू यात उस्ताद. ते मॉडेल मोठ्या मापाचं करत, उघड्यावर खऱ्या उन्हात ठेवत आणि कॅमेऱ्यातली फिल्म जास्त वेगाने फिरवत, म्हणजे पडद्यावर कोसळणं जड आणि संथ दिसे. हे सगळं मी सांगत होतो. काका पंचनाम्यासाठी कागद मागत होते.

त्यांचं लक्ष वळवावं म्हणून रिपब्लिकचीच ‘जंगल गर्ल’ लावली. 1941, पंधरा भाग, दिग्दर्शक विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश. नायिका न्योकाच्या भूमिकेत फ्रान्सिस गिफर्ड. न्योकाचे वडील आफ्रिकेत डॉक्टर. त्यांचा गुन्हेगार जुळा भाऊ हिऱ्यांच्या लोभाने येतो, डॉक्टरांना मारलं जातं आणि हा त्यांच्या जागी बाप म्हणून वावरू लागतो.

“वारसाचा दाखला?” काका म्हणाले.

“जंगल आहे हो!”

“मृत्यूचा दाखला तरी?”

न्योका वेलीला लटकून झेपावली, तर त्यांनी पुन्हा थांबवलं. “हे पाय बाईचे नाहीत.” नव्हतेच. अशा उड्यांना डेव्हिड शार्प हा स्टंटमन तिचा डबल होता. ओळखायचं कसं, तर झेप लांबून दिसते, चेहरा कॅमेऱ्याकडे नसतो आणि जमिनीवर टेकल्यावर कट होऊन मग गिफर्डबाई जवळून दिसतात. मी बोलायच्या आत काकांनी ‘इसम वेगळा’ असं लिहूनही घेतलं. तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसून तीही पाय मोजायला लागली. घरातली माणसं अशी फितूर होतात.

वास्तविक त्यांनी आक्षेप घ्यायला हवे होते ते निराळेच. 1942च्या पुढच्या सीरियलीत न्योका वाळवंटात आहे आणि तिथल्या खलनायिकेने पाळलाय गोरिला. ‘जंगल गर्ल’मधला आफ्रिकी मांत्रिक आहे फ्रँक लॅक्टीन, मूळचा लेबनॉनकडचा. आफ्रिका दाखवायची, पण महत्त्वाचं काम आफ्रिकी माणसाला द्यायचं नाही, हा या सगळ्या प्रकारातला खरा घोटाळा, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे दिग्दर्शक होमी वाडियांनी 1937मध्ये ‘तूफानी टारझन’ आणि 1958मध्ये ‘झिंबो’ काढले तेव्हा जंगलाचा हा तयार साचाच उचलला. काका मात्र ‘झिंबो’वर एक शब्द ऐकून घेईनात. तो त्यांनी लहानपणी पाहिलाय, तो खरा.

शेवटचा उपाय म्हणून 1955ची ‘पँथर गर्ल ऑफ द काँगो’ काढली. यात नांग्यांचे राक्षसी प्राणी आहेत, म्हणजे झिंग्यांचे नांगीवाले भाऊबंद, साधे क्रेफिश, छोट्या सेटवर सोडून टिपलेले. पैसे इतके आटले होते की ‘जंगल गर्ल’मधली जुनी दृश्यं काढून यात जोडली, आणि ती जुळावीत म्हणून नव्या नायिकेला, फिलिस कोट्सला, चौदा वर्षांपूर्वीच्या न्योकासारखेच कपडे घातले. जोड ओळखायला सोपी: नक्कल निगेटिव्हवरून आलेला शॉट शेजारच्या शॉटपेक्षा दाणेदार दिसतो, काळं-पांढरं भडक होतं.

हे मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. काका उभेच राहिले.

“एका अपघातावर दोन क्लेम? एकेचाळीसला एकदा आणि पंचावन्नला परत?”

“अहो, ते स्टॉक फुटेज—”

“आमच्या काळी यावर सस्पेन्ड करत असत!”

जाताना छताकडे बोट दाखवून म्हणाले, “ही ओलही जुनी दिसते. आधीपासूनची. आमच्याकडे येत नाही.” आणि दारातून मागे वळून, “बाकीचे भाग उद्या चारला लावा. माझ्याशिवाय सुरू करू नका.”