पेट्रोल एका पेनीने महागलं तेव्हा

मे 2025 मध्ये सीमेवर क्षेपणास्त्रं डागली जात होती, तेव्हा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी सरकारला चिमटा काढणारं एक व्यंगचित्र टाकलं. आत्येभावाने, म्हणजे दादाने, लगेच दटावलं, "तू तिकडे लंडनला सुखात. इथे लढाईच्या वेळी असलं नको, लोकांचा धीर सुटतो." दादाचा मुलगा सैन्यात आहे. मला उलट बोलवेना. चित्र काढून टाकलं. पण बोलणं मनातून जाईना.

दादा, इथल्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात 1941 चं एक पोस्टर आहे. दोन्ही हात उंचावलेली बाई, मागे कारखाना, वर विमानंच विमानं. हाक एवढीच : ब्रिटनच्या बायांनो, कारखान्यात या. चित्रकार फिलिप झेक.

पुढच्याच वर्षी, मार्च 1942 मध्ये, याच झेकचं व्यंगचित्र 'डेली मिरर' या ब्रिटिश दैनिकात आलं. जहाज बुडालेलं, खवळलेल्या समुद्रात एक खलाशी फळकुटाला बिलगलेला. खाली ओळ : पेट्रोल एका पेनीने महागलं. खलाशी जीव देऊन तेल आणतात, ते उधळू नका, असं झेकला म्हणायचं होतं. सरकारने अर्थ काढला की तेल कंपन्यांच्या नफ्यासाठी पोरं मरतायत. चर्चिल संतापले. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी पेपर बंद करण्याची धमकी दिली. त्यावर संसदेत खासदार सरकारशी भांडले, तेही लढाई हरत असताना. सिंगापूर पडून जेमतेम सव्वा महिना झाला होता. पेपर चालू राहिला.

बायकांना कारखान्यात बोलावणारा हात आणि हा हात एकच होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी या देशाचं कौतुक तोंड भरून करवत नाही. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद तिथला मिदनापूर जिल्हा पायी फिरले, भुकेने मरणाऱ्यांची चित्रं काढली. त्या चित्रांच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तकाच्या प्रती याच साम्राज्याच्या सरकारने जप्त करून जाळल्या. घरच्या चित्रकाराला दम देऊन सोडलं, आपल्या माणसाचं पुस्तकच राहू दिलं नाही. चित्तप्रसाद पुढे मुंबईत, अंधेरीला राहिले.

दादा, तुझ्या मुलाला बूट, दारूगोळा वेळेवर मिळतो का, हे विचारणारं कुणीतरी हवंच ना? पुढच्या वेळी आधी त्याची खुशाली विचारीन. पण टाकलेलं चित्र मागे घेणार नाही. तू फोन कर, हवं तेवढं भांड.