पिशव्यांचा हिशेब

गाडी बाहेरून रोज चकाचक पुसणारी माणसं सांगलीत गल्लोगल्ली आहेत. पण बॉनेट उघडून आत फडकं मारणारा दिसला, की जाणारा-येणारा थांबून एकच प्रश्न विचारतो, "विकायला काढली काय?"

मला विकायची नव्हती, पासिंग करायचं होतं. आमची मारुती 800 ही 1998 ची. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, त्यानंतर दर 5 वर्षांनी आरटीओत हजेरी. तिथं चेसिस नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. हा नंबर 800 मध्ये बॉनेटच्या आत, इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. आमच्या गाडीत त्या जागी बोट ठेवलं तर बोट आत रुतायचं. थोडं तेल पाझरतं, त्यावर धूळ बसते, धुळीवर पुन्हा तेल. त्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागनं उडालेली माती आणि मार्केट यार्डावरून चक्कर मारली की हळदीची पिवळी पूड. स्क्रू ड्रायव्हरनं एक ढपली काढली, तर काळ्यात मधेच बारीक पिवळी रेघ. कुठल्या साली हळद तेजीत होती ते इंजिनावरून सांगता आलं असतं.

इंजिन धुणं तसं सोपं असतं. पाण्याची नळी घेऊन मदतीला आलेल्या माणसाला परत पाठवणं अवघड.

पहिले आले तात्या. "रॉकेल मार की. न्हाईतर थोडं पेट्रोल. मळ असा सुटतोय बघ!" तात्या हे विडी ओढत सांगत होते. पेट्रोलची वाफ डोळ्याला दिसत नाही आणि विडी विझवायची तात्यांना सवय नाही, म्हणून मी आधी त्यांना पायरीवर बसवून चहा दिला. रॉकेल-डिझेलनं मळ सुटतो हे खरं, पण ते रबराला सोसत नाही. होजपाइप फुगतात, फॅन बेल्टला चिकटलं तर बेल्ट घसरतो. वॉशिंग सेंटरवाला तर म्हणाला होता, "डिझेल मारतो आणि वरून प्रेशर देतो, पाच मिनिटांत नवी गाडी." त्या प्रेशरनं चाकामागचा चिखल उडतो तसं पंचवीस वर्षांच्या वायरीचं कडक झालेलं इन्सुलेशनही उडतं, आणि पाणी नको त्या सगळ्या जागी पोचतं.

मग आले अण्णा. अण्णांचं घर गावभागात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा अण्णांची गाडी दारातच होती. "हेडलाइटच्या वर पाणी हुतं. आज पळतिया का न्हाई? आणि तू तांब्याभर पाण्याला भितोयस!"

पळते, हे कबूल. पण तिच्यावर किती खर्च झाला हा आकडा अण्णा काकूंसमोर कधी सांगत नाहीत. शिवाय पूर ओसरल्यावर त्यांनी चावीला हात लावला नाही, गाडी ओढून गॅरेजला नेली, म्हणून ती वाचली. एअर फिल्टरच्या नळीतून पाणी सिलिंडरात गेलेलं असताना कुणी स्टार्टर मारला तर हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन मधेच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे मी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "ते खरं, पण नळी मी धरतो."

नळी मी माडीवर नेऊन ठेवली.

इंजिन आदल्या रात्रीपासून थंडच होतं. तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडलं तर बिडाला तडा जाऊ शकतो, आणि साबणाचं औषध गरम पत्र्यावर धुवायच्या आतच वाळून बसतं. दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर तिथंच दिवाळी. टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी फुलली होती. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून वर ओतल्यावर ती फसफसून उठली. चिरंजीव सगळं सोडून तेवढं बघायला आले, आणि आतून हाक आली, "ढोकळ्याचा सोडा कुणी नेला?"

खरा प्रश्न होता झाकायचं कशानं. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, आल्टरनेटर, फ्यूजचा डबा, कार्बोरेटरवरचा एअर फिल्टर. यांना पाणी लागता कामा नये. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा. त्याच्या टोपणात तीन प्लगच्या तीन वायरी आणि मधे कॉइलची एक. आत थेंबभर ओल गेली तरी ठिणगी भलत्या वाटेनं जाते आणि तीन सिलिंडरची गाडी दोनावर रडत चालते. आमच्याकडं प्लॅस्टिकचा एकमेव विश्वासार्ह साठा म्हणजे आईच्या दुधाच्या पिशव्या. भिलवडीचं दूध, पिशवी धुऊन दोरीवर चिमट्याला, वाळली की घडी करून गादीखाली. किलोभर साठल्या की भंगारवाला. त्यातलं ती रुपयाही सोडत नाही.

"मोजून नेतोयस, मोजून आण," आई म्हणाली. "आठ हायत."

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापलेला असतो हे ती डिस्ट्रिब्युटरवर चढवल्यावर लक्षात येतं. मग कापलेला कोपरा खाली येईल अशी फिरवायची, वर रबर बँड, त्यावर आणखी एक. अण्णा पायरीवरून म्हणाले, "सलाइन लावायचं राहिलं बघ."

औषध खालून वर मारत नेलं, म्हणजे वरचे ओघळ कोरड्या मळावर डाग पाडत नाहीत. पाचेक मिनिटं थांबून रंगाच्या जुन्या ब्रशनं घासलं, सांदीत टूथब्रश. टूथब्रश कुणाचा होता यावर घरात अजून एकमत नाही. धुवायला गुलाबावर पाणी मारायचा फवारा घेतला, वरून खाली, आणि लगेच फडक्यानं टिपत गेलो. गटारात तेल जाऊ नये म्हणून खाली जुनी पोती अंथरली होती. ती आता दारात उभी करण्याच्या लायकीची राहिलेली नाहीत. बॅटरीच्या ट्रेखाली शेंगदाण्यांची टरफलं आणि भडंगाच्या पाकिटाचा कुरतडलेला तुकडा सापडला. म्हणजे उंदीरमामा मुक्कामी होते, आणि हीटरची एक वायर त्यांनी तोंडी लावायला घेतली होती. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बेचक्यात एक बारा-तेराचा पाना निघाला. तो माझा नव्हता.

हळूहळू पत्रा दिसायला लागला. त्याला मूळचा रंग होता हे मी विसरलोच होतो. नंबर तर असा उघडा पडला, की तात्यांनी चष्म्याशिवाय वाचला.

पिशव्या काढायचं काम चिरंजीवांनी मागून घेतलं. बॅटरी जोडली, बॉनेट उघडं ठेवूनच सुरू करावी म्हणून मी चावी घातली, तोवर आई दारात. "सातच आल्या."

"असेल की कुठंतरी."

"कुठंतरी म्हंजे? मिरजेत डॉक्टर पोट शिवायच्या आधी कापूस मोजत्यात, आणि तू एक पिशवी न्हाई म्हणतोस?"

खाली वाकून टॉर्च मारला. आठवी आल्टरनेटरवर तशीच, फॅन बेल्टपासून बोटभर अंतरावर. गाडी चालू झाली असती तर बेल्टनं ती ओढून घेतली असती आणि चुरगाळून पुलीत कोंबली असती. आईनं ती हातात घेतली, उजेडाला धरून बघितली आणि म्हणाली, "भोक पाडलंयस."

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. पासिंगही झालं, साहेबांनी कागद धरला, पेन्सिल घासली आणि पुढच्या गाडीकडं गेले.

पण स्वच्छ इंजिनाची एक अडचण असते. सगळं दिसतं. दोन दिवसांत टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या कडेला तेलाचा एक थेंब आला आणि सरळ रेघ धरून खाली उतरला. इतकी वर्षं तो उतरतच असणार, मळ तो झाकत होता. शंभर फुटी रोडवरच्या मिस्त्रीला दाखवलं. त्यानं आधी इंजिनाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"धुतली कशाला? आता सारखं दिसणार तुम्हाला."

पॅकिंग बदललं, तासाभराचं काम. तेवढ्या वेळात त्यानं हात टेकला नाही अशी इंजिनावर जागा उरली नव्हती. एअर फिल्टरच्या डब्यावर तर तळव्यासकट पाच बोटं. निघताना डिकीत ठेवलेला तो बारा-तेराचा पाना त्याला दिसला. उचलून फिरवून बघितला.

"हा मी आख्ख्या गॅरेजात हुडकला," तो म्हणाला. "एका पोराला कामावरनं काढलं ह्याच्यापायी."

पाना त्यानं खिशात घातला. मजुरीतले वीस रुपये कमी कर म्हटलं, तर म्हणाला, "ते वेगळं."