सांगलीला काय काम काढलंत?

माणसाने काहीही काम नसताना एखाद्या गावी जावे, ही कल्पना सांगलीकरांना पटत नाही. महाबळेश्वरला निघालेल्याला कोणी कारण विचारत नाही आणि गणपतीपुळ्याला तर देव आणि समुद्र अशी दोन कारणे आयतीच हजर असतात. सांगलीला मात्र बाहेरचा माणूस येतो तो लग्नाला, तेराव्याला, कोर्टाच्या तारखेला किंवा दवाखान्यात. या चारांपैकी एकाही खात्यात न बसणारा मनुष्य संशयास्पद ठरतो, आणि पुण्याहून सवड मिळेल तेव्हा सांगलीची गाडी पकडणारा मी त्या गावाचा कायमचा संशयित आहे.

माझी कारणे सांगण्यासारखी नाहीत. संध्याकाळी आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहायचे, सकाळी हरिपूरच्या रस्त्याने कृष्णा आणि वारणा यांच्या संगमापर्यंत चालत जायचे, संगमेश्वराला नमस्कार करून परत यायचे, आणि मधल्या वेळात भडंग खायचा. एवढ्यासाठी प्रौढ माणूस पाच-सहा तासांचा प्रवास करतो, हे मी सुरुवातीच्या काळात आत्याला प्रामाणिकपणे सांगत असे. आत्या ते शांतपणे ऐकून घेई आणि मी आंघोळीला गेलो की पुण्याला फोन करून, घरात काही बिनसले आहे का, याची चौकशी करी.

संशयाची सुरुवात खरे तर गाडीतून उतरल्याबरोबरच होते. काही गाड्या सांगलीला न थांबता मिरजेला थांबतात, आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातली आजारी माणसे मिरजेची वाट धरत आली आहेत. त्यामुळे स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याने मला पहिला प्रश्न विचारला तो, "पेशंट कुठाय?"

"पेशंट नाही."

"मग रिपोर्ट दाखवायचाय?"

"नाही हो, सांगलीला जायचंय."

"सांगलीत कुठल्या दवाखान्यात?"

"कुठल्याच नाही. नुसतं फिरायला आलोय."

त्याने मला एकदा आरशातून नीट पाहिले. पेशंट मीच आहे आणि दुखणे जरा वरच्या मजल्यावरचे आहे, हे त्याच्या ध्यानात आले असावे, कारण सांगलीपर्यंतचा प्रत्येक खड्डा त्याने हलक्या हाताने चुकवला आणि उतरताना सुट्ट्या पैशांसाठीसुद्धा वाद घातला नाही.

अखेरीस मी कारणे घेऊन जाऊ लागलो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी रंगभूमीचा पाया घातला, त्या गावात अभिनय करायचा तर तयारी चांगली हवी, पण माझी तयारी पहिल्या प्रवेशापुरतीच असे. एकदा दात दुखतो म्हणालो. गावभागात आत्याच्या समोरच्या घरातला मुलगा नुकताच दातांचा डॉक्टर झालेला होता, हे मला ठाऊक नव्हते. माझी ती संध्याकाळ पुलाऐवजी त्याच्या खुर्चीत, तोंड उघडे ठेवून गेली, आणि त्याला एकही किडका दात सापडेना तेव्हा आत्याने, "आलाच आहे तर सगळे साफ तरी करून टाक," असे त्याला बाहेरूनच ओरडून सांगितले.

पुढच्या खेपेला मी फ्लॅट बघायला आलो आहे असे जाहीर केले. कारण भारदस्त होते, परंतु त्यात काका शिरले. सांगलीत जागा चौरस फुटांवर नंतर मोजतात, आधी पुराच्या फुटांवर मोजतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरलेली आहे आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. हे दोन आकडे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. काकांना त्यांच्या मधले सगळेच पाठ होते. कुठला रस्ता कितीव्या फुटाला बंद होतो, कुठल्या पेठेत नाव आणावी लागते, कुठल्या बंगल्याच्या दारातून पाणी नमस्कार करून परत गेले, हे सांगत त्यांनी मला दिवसभर उन्हात फिरवले. दाखवणारा मनुष्य म्हणे, "हॉल बघा केवढा आहे," की काका म्हणत, "पाणी बोल." शेवटी एक जागा त्यांना पसंत पडली. ती चौथ्या मजल्यावर होती आणि तिथून नदी अजिबात दिसत नव्हती. नदी दिसत नाही हाच तिचा मोठा गुण असल्याचे त्यांनी मला परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा पटवून दिले. नदी पाहायला आलेला मी मान डोलावत होतो.

हळदीचे निमित्त काढले ते याहून महागात पडले. काकांची हयात अडतीच्या दुकानात दिवाणजी म्हणून गेली, त्यामुळे "घरच्यासाठी थोडी हळद हवी होती" हे माझे वाक्य पूर्ण होण्याआधीच त्यांनी पायात चपला घातल्या होत्या. मार्केट यार्डात त्यांनी मला राजापुरी हळद दाखवली, हळकुंड आणि गठ्ठा (म्हणजे हळदीचा गड्डा) यांतला फरक दाखवला, आणि हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय भाव बोलू नये हे शिकवताना माझ्याकडून एवढी हळकुंडे मोडून घेतली, की पलीकडचा हमाल हातातले काम सोडून बघत उभा राहिला. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कशी टिकत असे आणि २००५ च्या पुराचे पाणी शिरून ती पेवे कशी वाया गेली, हे ऐकताना मात्र मी कंटाळा विसरलो, हे कबूल करायला हवे. काकांचा आवाज तिथे जरा बसला होता. घरी आलो तेव्हा अंधार पडलेला होता आणि माझे दोन्ही हात पिवळे झाले होते. आत्याने विचारले, "कुणाची हळद होती? आम्हाला बोलावणं नाही ते?"

या सगळ्यातून जो काही भडंग वाट्याला येतो तो मी उभ्या उभ्या, चोरट्यासारखा खातो. भडंगाविषयी माझी मते ठाम आहेत. पाकिटातला भडंग प्रवासापुरता ठीक, पण खरा भडंग समोर कालवलेला हवा. लसूण आणि तिखट चुरमुऱ्याच्या अंगाला नीट लागलेले असावे, शेंगदाणे खरपूस असावेत, कांदा आयत्या वेळी चिरलेला असावा आणि लिंबू पिळल्यावर बोलण्यात वेळ घालवू नये, कारण दोन मिनिटांत चुरमुरा मऊ पडतो. नेमक्या त्या दोन मिनिटांत खांद्यावर हात पडतो आणि कोणीतरी ओळखीचे विचारते, "काय, आज इकडं कुठं? काय काम काढलंत?"

सुटका झाली ती पुण्यातल्या शेजाऱ्यांमुळे. मी सांगलीला जातो हे कळल्यावर त्यांनी यादीच हातात दिली: भडंग, तासगावचा बेदाणा, हळद आणि कृष्णाकाठची वांगी. आत्याने ती यादी चष्मा लावून वाचली आणि तिचा चेहरा उजळला. स्वतःच्या सुखासाठी आलेला माणूस वाया गेलेला असतो, पण दुसऱ्याची वांगी न्यायला आलेला माणूस कामाचा असतो. काकांनी तर यादी माझ्या हातून काढूनच घेतली. "तुला फसवतील. मी बघतो. तू जा, पुलावर जाऊन बस."

मी पुलावर गेलो. १९२९ साली बांधलेल्या त्या पुलावर नदीचा वारा लागत होता, खाली घाटावर पोरे पोहत होती, सूर्य बुडायला अजून अवकाश होता आणि कोणाचे काहीही देणे लागत नसल्याच्या थाटात मी कठड्याला टेकलो. शेजारी एक धोतर-टोपीवाले आजोबा येऊन उभे राहिले.

"पाव्हणं, काय काम काढलंत?"

"वांगी न्यायला आलोय," मी छाती काढून म्हणालो.

"भरताला का भरून करायला?"

"भरून."

आजोबा गंभीर झाले. भरायच्या वांग्याचे देठ, काटे, आकार आणि बिया यांवर त्यांनी सूर्य बुडेपर्यंत मला समजावून सांगितले आणि शेवटी निकाल दिला, "मग आज घेऊ नका. शनिवारच्या बाजारात घ्या."

तो दिवस मंगळवार होता. मी घरी फोन करून काम लांबल्याचे कळवले.