‘ब्लेडलेस आहे, कॉर्नियाला काही होत नाही’: हे अर्धसत्य आहे

सध्या चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझर शस्त्रक्रियेबद्दल एक मेसेज खूप फिरतोय: ‘लेझर ब्लेडलेस असतं, कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) धोका नाही. जखम दुसऱ्या दिवशी भरते. पुढे नंबर आलाच तर परत लेझर करायचं.’ बहुतेकांना या शस्त्रक्रियेनंतर उत्तम दिसतं, हे खरं. पण एवढ्या भरवशावर कुणी डोळा पुढे करू नये.

पहिलं, ब्लेडलेस म्हणजे न कापता नव्हे. लॅसिक या नेहमीच्या पद्धतीत फेम्टोसेकंद (अतिशय सूक्ष्म स्पंदांचा) लेझरही कॉर्नियाचा फ्लॅप, म्हणजे वरची पातळ झडप, कापतोच, फक्त पात्याशिवाय. फ्लॅपची जाडी नेमकी राखता येते, हा फायदा मोठा आहे. पण खाली किती कॉर्निया उरतो ते मुख्यतः मूळ जाडी आणि नंबर ठरवतात. मधोमध जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. समजा, एखाद्याची ५०० आहे आणि नंबर मायनस ९. फ्लॅपचे १२० गेले. नंबर घालवायला लेझर फ्लॅपखालचा कॉर्निया झिजवतो; एका नंबरमागे अंदाजे १४ धरले तर आणखी १२६ गेले. उरले २५४. रूढ किमान मर्यादा २५० ची! अशा माणसाला ‘तुमचं लेझर नको’ म्हणणारा डॉक्टर त्याचं भलंच करत असतो.

आणि जाडी भरपूर असली तरी सुप्त केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) असू शकतो. म्हणून टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) हवीच, तीही कॉन्टॅक्ट लेन्स पुरेसे दिवस बंद ठेवून. लेन्सने आकार तात्पुरता बदलतो. डोळे चोळायची सवय, घरात कुणाला केराटोकोनस, हे न विचारता सांगा.

जखम भरते ती वरच्या थराची. आतला फ्लॅप मूळच्या ताकदीने कधीच जुळत नाही. जोराचा मार बसून तो वर्षांनंतरही सरकल्याच्या नोंदी आहेत. स्माइल या दुसऱ्या लेझर पद्धतीत फ्लॅप नसतो, पण कॉर्निया तिथेही पातळ होतोच.

सगळ्यात घातक सल्ला ‘परत लेझर’चा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नंबर, विशेषतः सिलिंड्रिकल, वाढू लागला तर ती एक्टेशियाची सुरुवात असू शकते: अशक्त झालेला कॉर्निया पुढे फुगतो. १९९८ पासून हे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. अशा डोळ्यावर पुन्हा लेझर म्हणजे उरलेला आधारही काढून घेणं. आधी टोपोग्राफी. फुगवटा वाढत असेल तर रायबोफ्लेविन (बी२ जीवनसत्त्व) आणि अतिनील किरणांचं, कॉर्निया घट्ट करणारं क्रॉसलिंकिंग करून तो बहुतेकदा थांबवता येतो, मात्र गेलेली नजर त्याने पूर्ण परत येईलच असं नाही.

शस्त्रक्रियेआधीचे रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूची लेन्स ठरवताना ते लागतात, आणि पातळ कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, हे काचबिंदू तपासणाऱ्या डॉक्टरांना कळायला हवं.