हेरमान मायरची ‘केवळ जिद्दीची’ कथा : एक मुद्देसूद प्रतिवाद

ऑस्ट्रियाचा स्कीपटू हेरमान मायर याची एक कथा प्रेरणादायी संदेशांतून, व्याख्यानांतून आणि चित्रफितींतून सतत सांगितली जाते. तिचा आशय थोडक्यात असा : मायर हा एक साधा गवंडी होता आणि त्याला स्कीचे कसलेही शिक्षण मिळाले नव्हते, एके दिवशी अचानक तो शर्यतीत उतरला आणि रातोरात विजेता झाला, 1998 च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये कोसळून हाडे मोडलेली असतानाही तिसऱ्या दिवशी त्याने सुवर्णपदक जिंकले, पुढे मोटारसायकलच्या अपघातानंतर डॉक्टर पाय कापायला निघाले असता त्याने नकार दिला आणि तो पूर्वीपेक्षाही बलवान होऊन परतला, आणि हे सारे त्याने एकट्याने, केवळ मनोबलावर साधले. या कथेतील प्रत्येक वाक्याला खऱ्या घटनेचा आधार आहे, आणि नेमके त्यामुळेच तिच्यातील चुका सहज खपून जातात. दुखापतग्रस्त मुलांना मैदानात उतरवण्यासाठी अशा कथांचा दाखला दिला जातो, हे लक्षात घेता तिचे एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान, मायर अशिक्षित गवंडी होता, हे. मायरचा जन्म 7 डिसेंबर 1972 रोजी आल्टेनमार्क्ट येथे झाला आणि तो साल्झबुर्ग प्रांतातील फ्लाखाऊ या गावी वाढला. आल्प्सच्या या भागात हिवाळ्याचे अर्थकारणच स्कीवर चालते, आणि मायरच्या वडिलांची तर त्या गावात स्की शिकवणारी शाळा होती. चालायला लागल्यापासून काही वर्षांतच जो मुलगा बर्फावर उभा राहतो, ज्याच्या घरी दिवसभर वळणे, कडा आणि तोल यांविषयीच बोलणे होते, त्याला अशिक्षित म्हणणे हे शिक्षणाची व्याख्या फारच आखूड करण्यासारखे आहे. पंधराव्या वर्षी तो श्लाडमिंग येथील स्की प्रशिक्षण संस्थेत गेला होता, ही गोष्टही कथेतून गाळली जाते. तेथून त्याला परतावे लागले, हे खरे. त्याचा बांधा तेव्हा किरकोळ होता आणि वाढीच्या वयात होणाऱ्या गुडघ्यांच्या दुखण्याने त्याला ग्रासले होते. त्याच्यात गुणच नाहीत असा निवाडा कोणी दिला होता, असे मानण्याचे कारण नाही. शरीर मागे राहिले होते आणि ऑस्ट्रियाची निवडपद्धती त्याच्यासाठी थांबली नाही. या पद्धतीवर टीका अवश्य व्हावी. लवकर वाढणाऱ्या मुलांना झुकते माप देणारी निवड उशिरा फुलणाऱ्या मुलांवर अन्याय करते, आणि मायर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. परंतु कथाकार हा मुद्दा मांडतच नाहीत, कारण तो मांडला तर गवंड्याच्या चमत्काराऐवजी एका व्यवस्थेतील दोषाविषयी बोलावे लागेल.

घरी परतल्यावर मायरने गवंडीकाम शिकून घेतले आणि उन्हाळ्यात तो बांधकामावर राबला. हिवाळ्यात मात्र तो वडिलांच्या शाळेत स्की शिकवत असे आणि खालच्या दर्जाच्या शर्यतींत भाग घेत असे. म्हणजे श्लाडमिंग सुटल्यापासून राष्ट्रीय संघाचे दार उघडेपर्यंतच्या साऱ्या वर्षांत त्याचा बर्फाशी संबंध एकाही हिवाळ्यात तुटला नाही. बांधकामाने त्याच्या अंगात जी ताकद आणली तिचा त्याला फायदा झाला असणारच. तरीही विटा रचून कोणी जायंट स्लॅलमची, म्हणजे दोन फेऱ्यांच्या वळणावळणाच्या शर्यतीची, फाटके (मार्ग आखणाऱ्या खांबांच्या जोड्या) पार करायला शिकत नाही.

दुसरे विधान रातोरात मिळालेल्या यशाचे. 6 जानेवारी 1996 रोजी फ्लाखाऊ येथे विश्वचषक मालिकेतील (दर हिवाळ्यात ठिकठिकाणी होणाऱ्या आणि गुण देणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतील) जायंट स्लॅलम शर्यत झाली, तेव्हा तेवीस वर्षांचा मायर त्या शर्यतीत स्पर्धक नव्हता. तो पूर्वधावक होता. शर्यत सुरू होण्यापूर्वी मार्ग सुरक्षित आहे का, फाटके नीट रोवली आहेत का आणि वेळ मोजणारी यंत्रणा चालते का, हे पाहण्यासाठी काही स्कीपटूंना खाली सोडले जाते; त्यांची वेळ निकालात धरली जात नाही. हे काम बहुधा स्थानिक, चांगल्या तयारीच्या तरुणांकडे येते, त्यामुळे त्या दिवशी मायर तेथे असणे हा योगायोग नव्हता. त्याने नोंदवलेली वेळ स्पर्धकांशी ताडून पाहिली असता ती बाराव्या क्रमांकाची ठरली असती, आणि प्रशिक्षकांचे लक्ष वेधले गेले ते यामुळे.

येथपर्यंत कथा आणि वस्तुस्थिती जवळजवळ चालतात. पुढचा भाग मात्र कथेत उरत नाही. विश्वचषकातील पहिल्या अधिकृत शर्यतीत मायर फेब्रुवारी 1996 मध्ये हिंटरश्टोडर येथे उतरला आणि सव्विसावा आला. विश्वचषकाच्या खालची पायरी असलेल्या युरोपा कपमध्ये त्याला स्वतःला सिद्ध करावे लागले. जानेवारी 1997 मध्ये शामोनी येथील डाउनहिलमध्ये, म्हणजे स्कीच्या सर्वांत वेगवान शर्यतीत, पडून त्याच्या हाताचे हाड मोडले आणि त्या वर्षीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा हुकली. पहिला विश्वचषक विजय आला तो 23 फेब्रुवारी 1997 रोजी, गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील सुपर-जीमध्ये (डाउनहिल आणि जायंट स्लॅलम यांच्या मधल्या प्रकारच्या शर्यतीत). फ्लाखाऊच्या त्या सकाळपासून पहिल्या विजयापर्यंत तेरा महिन्यांहून अधिक काळ गेला. एवढी चढण एवढ्या वेगाने चढणे असामान्यच आहे, आणि मायरविषयी आदर वाटावा असेच ते आहे. पण त्या तेरा महिन्यांत सव्विसावा क्रमांक आहे, मोडलेला हात आहे आणि खालच्या मालिकेतील मेहनत आहे. ‘रातोरात’ हा शब्द वापरला की हे सगळे पुसले जाते.

तिसरे विधान नागानोचे आहे आणि ते सर्वांत जास्त बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण पडण्याची ती चित्रफीत जगभर गेली आणि तिच्याभोवती सर्वाधिक अतिशयोक्ती जमली. 8 फेब्रुवारी 1998 रोजी होणारी पुरुषांची डाउनहिल हवामानामुळे पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि 13 फेब्रुवारीला हाकुबा येथे झाली. एका वळणावर मायरचा अंदाज चुकला, तो हवेत आडवा फेकला गेला, डोक्याखांद्यावर आदळला आणि सुरक्षेच्या जाळ्यांमधून आरपार जाऊन बाहेरच्या खोल बर्फात थांबला. मग तो स्वतः उठून उभा राहिला. ती शर्यत फ्रान्सच्या जाँ-ल्युक क्रेतिएने जिंकली. 16 फेब्रुवारीला मायरने सुपर-जीचे आणि 19 फेब्रुवारीला शिगा कोगेन येथे जायंट स्लॅलमचे सुवर्णपदक मिळवले.

यात हाडे मोडल्याचा भाग खोटा आहे. मायरच्या खांद्याला आणि गुडघ्याला मार बसला होता, अंग ठेचले गेले होते, परंतु हाड मोडलेले नव्हते. या फरकाला मी महत्त्व देतो. मुका मार सोसून वैद्यकीय तपासणीनंतर शर्यतीत उतरणे ही धैर्याची गोष्ट आहे. मोडलेल्या हाडाने ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने उतरणे ही स्वतःच्या आणि इतरांच्या जिवाशी केलेली हेळसांड ठरली असती, आणि कोणत्याही जबाबदार संघवैद्याने ती होऊ दिली नसती. कथा ऐकणाऱ्या सोळा वर्षांच्या खेळाडूला दुसरी गोष्ट आदर्श म्हणून सांगितली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मायर वाचला कसा, याचेही उत्तर मनोबलात सापडत नाही. त्या जाळ्यांनी, फाटत असतानाही, त्याचा वेग खाल्ला. बाहेरचा बर्फ खोल आणि मऊ होता. तेथे खडक किंवा झाड असते तर कथा वेगळीच झाली असती. सुपर-जीसुद्धा हवामानामुळे पुढे गेली आणि सूज उतरायला त्याला वेळ मिळाला. जाळी बांधणारे कामगार, संघाचे वैद्यक पथक आणि निव्वळ नशीब या तिघांचा त्या दोन सुवर्णपदकांत वाटा आहे, हे म्हटल्याने मायर लहान होत नाही.

शिवाय, सुपर-जी त्याने जिंकली ती सहनशक्तीच्या स्पर्धेत उरलेला शेवटचा माणूस म्हणून नव्हे. डाउनहिलच्या आधी स्पर्धकांना त्या मार्गावरून सरावफेऱ्या करता येतात. सुपर-जीत तशी मुभा नसते. स्पर्धक शर्यतीपूर्वी मार्ग फक्त पाहून घेतात, प्रत्येक फाटकाची जागा, उतार आणि उंचवटे लक्षात ठेवतात आणि मग एकाच फेरीत निकाल लागतो. ज्याला उतार वाचता येतो आणि वाचलेले पाय ऐकतात, त्याचा हा प्रकार आहे. मायर त्या हिवाळ्यात विश्वचषकाच्या एकत्रित गुणतक्त्यात आघाडीवर राहूनच जपानला आला होता. सुपर-जीत दिदिए क्यूश आणि हान्स क्नाउस हे दोघे समान वेळेसह दुसरे आले, आणि मायर त्यांच्यापेक्षा 0.61 सेकंदाने पुढे होता. जेथे पदके सेकंदाच्या शंभराव्या भागांनी ठरतात तेथे हे अंतर प्रचंड आहे. जायंट स्लॅलममध्ये त्याचाच सहकारी श्टेफान एबरहार्टर दुसरा आला. जगातला सर्वोत्तम सुपर-जीपटू सुपर-जी जिंकला, असे या घटनेचे साधे वर्णन होते.

चौथे विधान, ‘एकट्याने आणि केवळ मनोबलावर’, याला दोन बाजूंनी उत्तर देता येते. पहिली बाजू शरीराच्या तयारीची. मायरचा प्रशिक्षक हाइनी बेर्गम्युलर याने ओबरटाउएर्न येथील केंद्रात त्याच्याकडून तासन्‌तास स्थिर सायकल चालवून घेतली, आणि रक्तातील लॅक्टेटचे (जोरदार श्रमाने स्नायूंत तयार होणाऱ्या द्रव्याचे) प्रमाण वेळोवेळी तपासून व्यायामाची तीव्रता ठरवली. सुपर-जीची शर्यत दीड मिनिटाच्या आसपास संपते. त्या काळात मांड्यांवर सतत भार असतो आणि शेवटच्या काही फाटकांवर थकलेले पाय चुकतात. दमश्वासाचा पाया भक्कम असेल तर दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत शरीर लवकर सावरते, हा त्यामागील विचार होता. हे काम मोजमापाचे, कंटाळवाणे आणि वर्षानुवर्षे चालणारे आहे. त्याला जिद्द लागते, यात शंका नाही. पण ती जिद्द रोज सकाळी सायकलवर बसण्याची असते, आणि कथेला हवी असलेली जिद्द एका नाट्यमय क्षणात प्रकट होते.

दुसरी बाजू संघाची. त्या काळातील ऑस्ट्रियाचा पुरुष संघ किती बलाढ्य होता, हे सांगायला एकच निकाल पुरेसा आहे : 21 डिसेंबर 1998 रोजी इन्सब्रुकजवळच्या पाट्शरकोफेल येथे झालेल्या सुपर-जीमध्ये पहिले नऊच्या नऊ क्रमांक ऑस्ट्रियाच्या स्कीपटूंनी घेतले, आणि त्यांत पहिला मायर होता. जगातले दुसऱ्या ते नवव्या क्रमांकाचे प्रतिस्पर्धी ज्याच्या सरावातच रोज भेटतात, त्याला आपण किती वेगाने उतरलो हे समजण्यासाठी शर्यतीची वाट पाहावी लागत नाही. स्की तासणारे आणि मेण लावणारे तंत्रज्ञ, मार्गाची माहिती वरच्या टोकाला कळवणारे प्रशिक्षक आणि त्यामागे उभा असलेला राष्ट्रीय संघ, हे सगळे मायरच्या पाठीशी होते. 1999-2000 च्या हंगामात त्याने विश्वचषकात पूर्ण 2000 गुण मिळवले आणि 2000-01 मध्ये एकाच हंगामात 13 शर्यती जिंकून स्वीडनचा स्कीपटू इंगेमार स्टेनमार्क याच्या विक्रमाशी बरोबरी साधली, ती या पाठबळासह. तो ऑस्ट्रियाचा सर्वांत यशस्वी स्कीपटू असल्याचेही जाता जाता सांगितले जाते. विश्वचषकातील विजय मोजायचे तर मायरचे 54 आहेत, तर ऑस्ट्रियाच्याच आनेमारी मोझर-प्र्योलचे 62 आणि मार्सेल हिर्शरचे 67.

आता शेवटचे विधान, अपघाताचे. 24 ऑगस्ट 2001 रोजी राडश्टाटजवळ मायरच्या मोटारसायकलची एका मोटारीशी धडक झाली आणि त्याच्या उजव्या पायाच्या नडगीची हाडे त्वचा फोडून बाहेर आली. पाय गमवावा लागेल अशी भीती खरोखरच होती. तो वाचला तो अनेक तास चाललेल्या शस्त्रक्रियेने, हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या सळईने आणि साल्झबुर्गच्या शल्यचिकित्सकांच्या कौशल्याने. डॉक्टरांना या कथेत खलनायक करणे हा मला तिच्यातील सर्वांत अन्यायकारक भाग वाटतो. ज्यांनी पाय वाचवला, त्यांनाच पाय कापायला निघालेले म्हणून रंगवले जाते.

2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकला त्याला मुकावे लागले. जानेवारी 2003 मध्ये तो आडेलबोडेन येथील जायंट स्लॅलममध्ये परतला, तेव्हा दुसऱ्या फेरीसाठी पात्रही ठरला नाही. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, 27 जानेवारीला, किट्सब्यूहेल येथे त्याने सुपर-जी जिंकली. हा विजय त्याच्या कारकिर्दीतील बेचाळिसावा होता, आणि येथे आकडे नीट पाहावेत असे मला वाटते. अपघातापूर्वीच्या पाच हंगामांत त्याने 41 शर्यती जिंकल्या होत्या. अपघातानंतर निवृत्तीपर्यंत 13 जिंकल्या. 2004 मध्ये त्याने चौथ्यांदा एकत्रित विश्वचषक मिळवला, 2005 मध्ये बोर्मियो येथे जायंट स्लॅलमचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि 2006 च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी एक रौप्य आणि एक कांस्य पदक जिंकले. तरीही पूर्वीचा मायर, जो एका हिवाळ्यात 13 वेळा सर्वांच्या पुढे राहिला होता, परत आला नाही. दुखावलेल्या पायाने त्याच्याकडून काहीतरी कायमचे घेतले होते, आणि उरलेल्यात त्याने जे साधले ते 13 विजयांचे मोल वाढवणारे आहे. ‘पूर्वीपेक्षा बलवान’ म्हणणारे या सात हंगामांतील खऱ्या झगड्याकडे पाठ फिरवतात : त्यांतल्या कित्येक शर्यतींत तो जिंकला नाही, तरुण प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले, आणि तरीही तो दर हिवाळ्याला सुरुवातीच्या फाटकात येऊन उभा राहत होता. त्याचा शेवटचा विजय 30 नोव्हेंबर 2008 रोजी कॅनडातील लेक लुईज येथे आला, पस्तिसाव्या वर्षी, सुपर-जीमध्येच. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.